आधी ठोके, मग रेघा

आयटीआयला शीट मेटल वर्कर ट्रेड शिकताना मी स्वतःच्या मनाने केलेली पहिली वस्तू म्हणजे झाकणाची तांब्याची पेटी. आईला सुई-दोरा ठेवायला हवी होती. लांबी 200 मिमी, रुंदी 120, उंची 80. पत्रा आखला, कापला आणि दुमडायच्या आधी बाजूंवर ठिपक्यांची वेल उठवायला बसलो. पाठीमागून ठोके घालत गेलो. तासाभरात पत्रा मधे फुगला, कडा आत ओढल्या गेल्या. गुण्या लावला, तर एकही कोपरा काटकोनात बसेना. तो तुकडा वाया गेला.

नव्याने शिकणाऱ्यांना म्हणून पहिली गोष्ट सांगतो: नक्षी असलेल्या पेटीची आखणी नक्षीपासून सुरू करा. ठोका पडला की पत्रा हलतोच. लागतो त्यापेक्षा प्रत्येक बाजूला वीसेक मिमी जास्तीचा तुकडा घ्या, नक्षी उठवा, कडा लाकडी मॅलेटने सपाट करा आणि मगच कापायच्या रेघा मारा.

तांबं किलोवर मिळतं. 24 गेज म्हणजे साधारण 0.56 मिमी, गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे घोकून ठेवा. माझ्या पेटीचा खालचा भाग उलगडला तर 372 बाय 292 मिमी होतो: तळ, दोन्हीकडच्या 80च्या भिंती आणि वरच्या कडेला 6 मिमीची दुमड. एवढ्या तुकड्याचं वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणून आधी पुठ्ठा कापा. मिठाईचं खोकं उलगडून बघितलंत, तर अर्धा धडा तिथेच मिळतो. कोपऱ्यातली पाकळी, म्हणजे शेजारच्या भिंतीला जोडायची पट्टी, कुठून निघते, कुठे आत सरकते, हे कागदावरच्या चित्रापेक्षा हाताला लवकर कळतं.

पाकळी मी 12 मिमीची ठेवतो. 3 मिमीचा रिव्हेट (दोन पत्रे जोडायचा, टोक ठोकून बसवायचा खिळा) तिच्या मधोमध, कडेपासून 6 मिमीवर येतो, म्हणजे भोक फाटत नाही. पाकळी वरच्या दुमडीच्या खालीच थांबवा, नाहीतर कोपऱ्यात पत्र्याचे थर एकावर एक चढतात आणि तिथे कितीही ठोका, बसत नाहीत. दुमडीची टोकंही तिरकी कापा. जिथे दोन घड्या भेटतात तिथे वाकवण्याआधी बारीक भोक पाडा, कोपरा चिरत नाही. स्क्राइबर, म्हणजे पत्र्यावर रेघ ओरखडायची टोकदार सळई, फक्त कापायच्या रेघांना. घडीच्या रेघा आतल्या बाजूने पेन्सिलने. चकचकीत तांब्यावरचा ओरखडा शेवटपर्यंत दिसत राहतो. आणि नक्षी घडीपासून किमान 10 मिमी लांब ठेवा, नाहीतर घडी सरळ येत नाही.

ठोकून ठोकून तांबं कडक होतं. मंद लाल दिसेपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ पडतं. वरचा काळा थर चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासायचा. जी.आय. पत्रा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा, मात्र असा तापवू नका. जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो.

झाकणाबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीने. तिथे एक वयस्कर तांबट हंड्याला मठार देत होते. ठोक्याला लागून ठोका, प्रत्येक ठशाचा आकार सारखा. मठार मी तोवर सजावट समजत होतो. ते म्हणाले, "यानं भांड्याला ताकद येते." घरी येऊन पातळ तांब्याचा सपाट तुकडा बोटाने दाबला, तो टकटक वाजत आत-बाहेर होत होता. मठारल्यावर आवाज थांबला. तेव्हापासून झाकणाचा माथा मी मठारतो आणि त्यानंतर तो तापवत नाही, नाहीतर आलेली ताकद निघून जाते.

झाकणाचं आतलं माप पेटीच्या बाहेरच्या मापापेक्षा 2 मिमी जास्त धरा, म्हणजे 202 बाय 122. झाकण 20 मिमी खाली उतरणार असेल, तर सगळ्यात वरचा रिव्हेट त्याच्याही खाली घ्या. दुसऱ्या पेटीत हे चुकलं होतं. रिव्हेटचं डोकं कानशीने घासून सपाट करावं लागलं, आणि ती जागा आजही बोटाला लागते.