या चुका टाळा: पार्कूर, ध्येय आणि आपली कच्ची बाजू

पावसाळा सरला की आमच्या बागेत पार्कूर, म्हणजे वाटेतल्या भिंती, कठडे, जिने अंगाच्या जोरावर ओलांडत जाणं, शिकायला नवी पोरं उगवतात. पायात कोरे बूट, मोबाईलमध्ये कुणाचातरी वीस सेकंदांचा व्हिडिओ आणि तोंडात एकच मागणी: "दादा, काँग शिकव ना." काँग म्हणजे धावत येऊन दोन्ही हात कठड्यावर टेकायचे आणि पाय हातांच्या मधून काढून पलीकडे जायचं. मी म्हणतो, "शिकवतो. आधी त्या कमरेएवढ्या कठड्यावरून खाली उतरून दाखव, आवाज न करता." धप्प! बाकावर बसलेले आजोबासुद्धा वळून बघतात.

पहिली चूक ही. दुसऱ्याच्या व्हिडिओतल्या उडीला आपलं ध्येय म्हणायचं. त्या वीस सेकंदांमागे किती वर्षं आहेत, हे कॅमेऱ्यात येत नाही. पॅरिसजवळच्या लिस गावात पार्कूर सुरू करणाऱ्यांपैकी डेव्हिड बेलसारखी पोरं उड्या मारू लागली, तेव्हा समोर बघायला व्हिडिओ नव्हते. एक भिंत, एक जिना आणि त्याच त्या उडीच्या शेकडो आवृत्त्या. आपल्या तालमीत तरी वेगळं काय? पहिल्याच दिवशी डाव कोण शिकवतो? आधी दंड-बैठका.

ध्येय मोजता आलं पाहिजे. "लांब उडी जमली पाहिजे" हे नवसासारखं झालं. आम्ही अंतर बुटात मोजतो, टाचेला पंजा लावत. म्हणजे वहीत असं लिहायचं: सहा बुटांची प्रिसिजन (नेमक्या जागी उतरायची उडी), जागेवरून, काठावर पंजे रुतवून थांबायचं, १० पैकी ८ वेळा. आठ जमल्या की अर्धा बूट वाढवायचा. एकदा जमली आणि मित्राने शूट केली, ती मी धरतच नाही. कितीतरी पोरं त्या एका उडीच्या जिवावर महिनाभर मिरवतात आणि पुढच्या वेळी नडगी सोलून घेतात.

कच्चं काय आहे हे कळायला मी एक जुनी यादी वापरतो. जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैसर्गिक व्यायामाची पद्धत मांडली, पार्कूरची मुळं तिथवर जातात. त्यात हालचालींचे १० गट आहेत: चालणं, धावणं, चार पायांवर चालणं, चढणं, उडी, तोल, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं. दर तीन महिन्यांनी मी प्रत्येकासमोर स्वतःला मार्क देतो. उडीला सगळेच भरभरून देतात. "चार पायांवर जिना उलटा उतर" म्हटलं की चेहरे पडतात. माझं स्वतःचं पोहणं लाजिरवाणं आहे, तो रकाना मी तूर्त दुमडून ठेवलाय.

आता माझी लाडकी चूक. लाडकी, कारण तिने माझं हाड मोडलंय.

पार्कूर सुरू करून चार वर्षं झाली होती मला. उजव्या खांद्यावरचा रोल, म्हणजे उतरल्यावर घ्यायची तिरपी कोलांटी, असा लोण्यासारखा की लोक पुन्हा करून दाखवायला सांगायचे. उजवा खांदा टेकला की पाठीवरून तिरपं डाव्या कमरेपर्यंत जायचं, मणका जमिनीला लागता कामा नये. हे सगळं अंगात मुरलेलं, फक्त एकाच बाजूने. डावीकडून करताना गोणी टाकल्यासारखं व्हायचं, म्हणून करायचोच नाही. चांगलं दिसतं ते करावंसं वाटतं, सोपा हिशोब!

ऑगस्ट महिना. सोसायटीची मागची भिंत, फार तर छातीएवढी. रोजची. तिच्यावरून उतरताना शेवाळावर पाय सरकला आणि अंग डावीकडे फिरलं. अंगाला त्या बाजूचा रोल ठाऊकच नव्हता. मी हात पुढे केला. सरळ कोपराचा, जसा करू नये असं मी पोरांना रोज बजावायचो तसाच. गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात झोळीत. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "गेट उघडं नव्हतं का रे?"

पट्टा निघाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मी हिरवळीवर गुडघ्यावर बसून डावा रोल सुरू केला. मग उकिडवं बसून, मग उभं राहून, मग एका पायरीवरून. तीन महिने. शेजारी दहा वर्षांची पोरं दोन्ही बाजूंनी गोल गोल फिरत होती, आणि मी "दादा". तेव्हापासून माझा नियम: कच्ची बाजू आधी, अंग ताजं असताना, आणि उजव्या एकाला डावे दोन. रोलच काय, उडीचा पाय कुठला, कठड्यावर आधी कुठला हात टेकता, तेही बघा. शंभरातले नव्वद जण एकाच पायाने जग ओलांडायला निघालेले असतात.

दुसरी एक गल्लत: भीतीला कमजोरी समजणं, किंवा उलट. खडूने जमिनीवर तेवढ्याच अंतराच्या दोन रेघा मारा. तिथे दहापैकी दहा जमल्या आणि वर गेल्यावर पाय अडले, तर ती भीती. मग तेच अंतर पायरीवर, नंतर गुडघ्याएवढ्या पारावर. जमिनीवरच चार चुकल्या, तर पायांत ताकद नाही, हिंमत वगैरे गप्पा नकोत, बैठका मारा. मी एखाद्या उडीसमोर तीनदा थबकलो की त्या दिवशी तिचा नाद सोडतो. वीस वेळा धावत येऊन काठावर थांबलं की थांबण्याचाच सराव होतो.

क्लाइम्ब-अपला, म्हणजे भिंतीच्या काठाला लटकून वर चढताना, एक कोपर आधी वर टाकून सरपटत चढू नका. दहा पुलअप मारणारेही इथे अडकतात, कारण ओढण्यातून ढकलण्यात जायचा तो मधला क्षण पुलअपमध्ये नसतोच. भिंतीवर कसंही चढा आणि सावकाश, मनात पाच मोजत, खाली या. रोज पाच वेळा पुरे.

बाकी किरकोळ. एका वेळी पाच ध्येयं धरू नका, दोन पुष्कळ. वाढदिवसाची तारीख गाठायला उडी मारू नका. दुसऱ्याच्या बुटाने अंतर मोजू नका, सात नंबरचे सहा आणि दहा नंबरचे सहा यांत सहाएक इंचांचा फरक पडतो. उंचावरून उतरण्याची घाई तर नकोच, स्नायू लवकर तयार होतात, स्नायू हाडांना बांधणाऱ्या कंडरांना कितीतरी जास्त वेळ लागतो आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं की मग महिनोन्‌महिने बाकावर, त्या आजोबांशेजारी.

माझ्या वहीत या आठवड्याची ओळ: डावा रोल, सिमेंटवर, १० पैकी ७. काँग शिकायला आलेला तो पोरगा अजून उतरतोय. आवाज कमी झालाय थोडा.