क्रीमचा वास बदलला तर

लोशनचा किंवा क्रीमचा वास पहिल्यासारखा राहिला नाही, तर ‘अजून अर्धी बाटली शिल्लक आहे’ म्हणून ते लावत बसू नका. लिनालूल आणि लिमोनिन हे सुगंधी घटक ताजे असताना सहसा फार त्रास देत नाहीत. हवेतल्या ऑक्सिजनमुळे मात्र त्यांची हायड्रोपेरॉक्साइडं (ऑक्सिजनशी संयोग होऊन बनणारी रसायनं) बनतात आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः या रसायनांमुळे. घटक कारखान्यात बनलाय की फुलातून काढलाय, याने फरक पडत नाही. लॅव्हेंडरच्या तेलातही लिनालूलच असतं. (‘नैसर्गिक’ शब्दावर भाळणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतोय.)

म्हणून बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. बाटलीवर छापलेल्या उघड्या डबीच्या चित्रात १२ आकडा असेल, तर उघडल्यापासून १२ महिने वापरा. झाकण घट्ट लावा, उन्हात ठेवू नका. नुसता रंग तपकिरी झाला म्हणून लगेच घाबरायला नको. व्हॅनिलिनमुळेही (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) तसं होतं.

नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, असं किमान ७ दिवस लावून पाहा. एका रात्रीची चाचणी पुरत नाही, कारण ॲलर्जी उशिराही उमटते. खाज किंवा पुरळ आलं की थांबा.

घरात जुना साठा असेल तर घटकांच्या यादीत ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल (Butylphenyl Methylpropional) हा सुगंधी घटक आहे का तेही बघा. युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे. मी तरी अशी बाटली ठेवणार नाही.