मोबाइल नेटवर्कच्या ऑटोमेटेड टेस्ट चालवताना या चुका टाळा

टेस्ट फेल झाली की सगळे आधी बेस स्टेशनचा, म्हणजे फोनशी रेडिओवर बोलणाऱ्या यंत्राचा, कोड उघडतात. मी आधी सिम वाचतो.

आमच्याकडे एक टेस्ट मुद्दाम नेटवर्कवरची नोंदणी नाकारायची, नकाराचं 'कारण क्रमांक 11' देऊन: 'या नेटवर्कला परवानगी नाही'. ती पास व्हायची. पण तेच सिम वापरणाऱ्या पुढच्या टेस्ट कधी फेल, कधी पास, कारण टेस्टचा क्रम दर रात्री बदलायचा. सकाळी मी हाताने नेटवर्क निवडलं की मोडेम (टेस्टमध्ये फोनचं काम करणारं यंत्र) लगेच जोडला जायचा. तीन आठवडे आम्ही केबल आणि अँटेना बदलत बसलो. खरी गोष्ट अशी, की कारण 11 आलं की मोडेम ते नेटवर्क सिमवरच्या निषिद्ध यादीत लिहितो. मोडेम बंद केला तरी नोंद राहते, आणि आपोआप निवड करताना तो त्या नेटवर्ककडे फिरकत नाही. हाताने निवडून नोंदणी झाली की मात्र नोंद पुसली जाते. म्हणजे रोज सकाळी पुरावा मीच पुसत होतो! आता प्रत्येक टेस्टआधी ही यादी असलेली सिमवरची 6एफ7बी ही फाइल एफएफने भरून कोरी करतो, मग मोडेम बंद-चालू करतो. वेळ वाचवायला ही पायरी गाळू नका.

'30 सेकंद थांब' असं स्क्रिप्टमध्ये लिहिणं हा आळस आहे. दर सेकंदाला मोडेमला एटी+सीआरईजी विचारा, म्हणजे नोंदणीची स्थिती सांगणारी कमांड द्या. 2 आलं तर शोध चालू आहे, थांबा. 3 म्हणजे नकार, तिथेच टेस्ट संपवा. 1 किंवा 5 आलं की पुढे जा. नवखे 5 विसरतात. तीही नोंदणीच असते, रोमिंगमधली.

फेल टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं मला मान्य नाही. पहिल्या अपयशाचे लॉग आणि पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरच्या संदेशांची नोंद) आधी जपून ठेवा.

मोडेम कॉम्प्युटरने दिलेल्या यूएसबी पोर्टच्या क्रमांकाने ओळखू नका, रीबूटनंतर तो बदलू शकतो, आयएमईआय (मोडेमचा स्वतःचा ओळख क्रमांक) वापरा. सगळ्या मशीनची घड्याळं जुळवा, नाहीतर लॉग जुळणार नाहीत. केबलने जोडताना मध्ये अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) हवाच: जीएसएम 900 चा फोन 2 वॅटपर्यंत सोडतो, रिसीव्हर जळतो.

आणि फोनला सेल दिसत नसेल तर पॉवर वाढवत सुटू नका. बेस स्टेशनच्या फ्रिक्वेन्सीला 0.05 पीपीएम (दहा लाखात 0.05 भाग) अचूकता लागते, म्हणजे 900 मेगाहर्ट्झवर जेमतेम 45 हर्ट्झ. स्वस्त रेडिओ बोर्डाच्या क्रिस्टलला ते झेपत नाही. मी जीपीएसवर बांधलेला 10 मेगाहर्ट्झचा संदर्भ सिग्नल जोडतो आणि तो लॉक झाल्याशिवाय एकही टेस्ट सुरू करत नाही.