लाकूड जाळून भेटवस्तू करताय? नोकरी शोधता शोधता शिकणाऱ्यांनी या चुका टाळा

गेल्या वर्षी मार्चअखेरीला शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यातली माझी अकाउंट्सची नोकरी गेली. सकाळी अर्ज पाठवायचे आणि दुपारभर फोनकडे बघत बसायचं, असं महिनाभर चाललं. मग एका दुपारी भावाचं जुनं सोल्डरिंग आयर्न (तारा जोडायचं, टोक तापणारं अवजार) घेतलं आणि फळीच्या तुकड्यावर आईचं नाव काढलं. अक्षरं वेडीवाकडी आली, पण त्या दोन तासांत फोनकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं. तेव्हापासून नावाच्या पाट्या, कीचेन, कोस्टर, देवघराजवळ लावायच्या छोट्या फ्रेमा करते आहे. गरम टोकाने लाकूड जाळून नक्षी काढायच्या या कामाला पायरोग्राफी म्हणतात. आता कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी ओळखीची मुलंमुली शिकायला येतात. बरीचशी माझ्यासारखीच नोकरीच्या शोधात आहेत. सगळ्यांचा हात वेगळा असतो, चुका मात्र त्याच असतात.

लाकूड न ओळखता घेणं

सुरुवातीच्या दहापैकी सहा तक्रारी हाताच्या नसतात, लाकडाच्या असतात. गुळगुळीत असतं, हव्या त्या मापात कापून मिळतं म्हणून लोक एमडीएफ किंवा प्लायवूड आणतात. या दोन्हींत भुसा किंवा पापुद्रे चिकटवायला रासायनिक राळ वापरतात आणि तिच्यात बहुतेकदा फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असतं. गरम टोक टेकलं की तो धूर सरळ नाकात जातो. त्यामुळे एमडीएफ आणि प्लाय जाळायचं नाही. पॉलिश, व्हार्निश किंवा रंग मारलेलं जुनं लाकूडही नाही.

आपल्याकडे दुसरा मोह पॅलेटचा, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इकडच्या कारखान्यांतून पाइनच्या पॅलेटच्या फळ्या जवळपास फुकट मिळतात. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात इंग्रजीत ‘एचटी’ अशी अक्षरं असतील तर कीड मारण्यासाठी ते लाकूड तापवलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणूच नका. शिक्काच नसेल, किंवा फळीवर ऑइलचे डाग असतील, तर तीही सोडून द्या. कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर कशाकशाचं तेल सांडतं हे मी पाहिलं आहे.

चांगली पाइनची फळी मिळाली तरी एक अडचण राहते. तिच्यात मऊ आणि कडक पट्टे एकाआड एक असतात. मऊ पट्ट्यात टोक रुततं आणि काळं होतं, कडक पट्ट्यावरून घसरतं आणि फिकट राहतं. मध्येच राळेचा खिसा लागला तर ती चरचरते, पसरते. सागवान आपल्याला फार मौल्यवान वाटतं, पण ते तेलकट आणि मुळातच गडद, त्यामुळे नक्षी उठून दिसत नाही. शिकायला शिवण किंवा हळदू घ्या. दोन्हींचा रंग उजळ आणि पोत बऱ्यापैकी एकसारखा. टिंबर मार्केटातल्या वखारीत किंवा ओळखीच्या सुतारांकडे ‘शिवणीचे तुकडे आहेत का’ असं विचारलं की पिशवीभर मिळतात.

झाडाच्या फांद्यांच्या चकत्या करून त्यावर नावं काढायची असतील तर आधी झाड ओळखा. कण्हेर विषारी आहे, तिचा धूरही विषारी. कुंपणातली कुठलीही फांदी तोडून आणू नका.

कोल्हापूर म्हटल्यावर प्रत्येक जण कधी ना कधी ‘चामड्यावर करून बघूया का’ असं विचारतोच. परंपरेने कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावतात. तसल्या कातड्यावर अगदी मंद आचेवर काम होतं. पण बाजारातलं बहुतेक मऊ, रंगीत चामडं क्रोमियमने कमावलेलं असतं आणि ते जाळणं घातक आहे. कातडं कसं कमावलंय हे विकणाऱ्याला खात्रीने सांगता येत नसेल तर चामड्याचा नाद सोडा.

ओलं लाकूड

जूनमध्ये मी बारा कोस्टर केले. आठवड्याभरात सात वाकले, टेबलावर ठेवले की डुगडुगायचे. ते घेऊन गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी एक तुकडा नुसता गालाला लावला आणि म्हणाले, “पोरी, वलं हाय की हे. गार लागतंय बघ.”

पावसाळ्यात इथली हवाच इतकी दमट असते की वखारीत वाळलेलं लाकूडही घरी येईतो ओल धरतं. ओल्या लाकडावर टोक टेकलं की बारीक सूं असा आवाज येतो, वाफ निघते, रेघ फिकट आणि पसरट येते. उपाय सोपा आहे. तुकडे एकावर एक रचताना मध्ये बारीक पट्ट्या ठेवा, म्हणजे सगळीकडून हवा खेळते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एका तुकड्याचं वजन करून मागे पेन्सिलने लिहा. दर दोन दिवसांनी पुन्हा करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवून घाई केली तर चिरतं.

मग घासणं. 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, मग 400, आणि प्रत्येक वेळी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. शेवटचा हात मारण्याआधी ओलसर फडक्याने एकदा पुसा. तंतू उभे राहतील, ते वाळू द्या आणि पुन्हा 400 फिरवा. ही पाच मिनिटं वाचवली की पुढे प्रत्येक रेघेत टोक अडखळतं.

रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटी काळे ठिपके

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. कारण असं की टोक हवेत असताना तापत राहतं. लाकडाला टेकताक्षणी ती साठलेली धग एकाच जागी उतरते. शिवाय आपण टोक आधी टेकवतो आणि मग हात हलवतो. तसं करायचं नाही. हात हवेतच हलायला लागला पाहिजे आणि चालता चालता टोक लाकडावर उतरलं पाहिजे. रेघ संपतानाही हात न थांबवता टोक उचलायचं. सडा टाकून झाल्यावर पांढरी रांगोळी चिमटीतून सोडताना हात कसा आधीच वळत असतो, तसंच. ज्यांना रांगोळीची सवय आहे त्यांना हे दुसऱ्या दिवशी जमतं. प्रत्येक रेघेआधी टोक रद्दी तुकड्यावर एकदा टेकवायची सवयही लावून घ्या.

ठिपका पडलाच तर खोडरबर घासू नका. ब्लेड उभं धरून हलक्या हाताने खरवडा, मग 400 चा पेपर. खोल गेला असेल तर त्याचं पान करा, फुलाचा देठ करा.

रेघेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी सावली

धग जास्त झाली. नवशिक्यांना वाटतं की गडद रंग हवा म्हणजे आयर्न जास्त तापवायचं. खरं तर धग कमी ठेवून तीच रेघ दोनदा-तीनदा गिरवली की रंग हळूहळू चढतो आणि कडा स्वच्छ राहते. साध्या 25 वॅटच्या आयर्नला धग कमी-जास्त करायचं बटण नसतं, म्हणून त्याला पंख्याच्या रेग्युलेटरची जोड देणारे घरगुती जुगाड लोक करतात. ते करू नका. तापमान कमी-जास्त करता येणारं आयर्न थोडे पैसे साठवून घ्या. तोवर वेग वाढवून भागवा.

टोकावर काजळी साठली की तीही धग अडवते आणि रेघ तुटक येते. पितळी तारेच्या घासणीने अधूनमधून टोक पुसा. गरम टोक पाण्यात बुडवू नका.

एकाच रेघेत कुठे गडद, कुठे फिकट

वर बघा. पंखा चालू आहे का? एप्रिल-मे महिन्यात पंख्याशिवाय बसवत नाही, पण त्याचा वारा टोक सतत थंड करतो. खिडकीजवळ बसा आणि छोटा टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे तो धूर बाहेर ओढेल आणि टोकावर वारा येणार नाही. धुराचं हेच खरं उत्तर आहे. कापडी रुमाल बांधून काही होत नाही. एन-95 मास्क बारीक कण अडवतो, वायू अडवत नाही.

देवनागरी अक्षरं

इंटरनेटवरचे बहुतेक धडे इंग्रजी अक्षरांचे आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आपल्या पाटीवर लाकडाच्या रेषा आडव्या असतात आणि शिरोरेखाही आडवी. त्यामुळे शिरोरेखा काढताना टोक लाकडाच्या रेषेत शिरतं आणि तिच्याच वाटेने जातं. रेघ हळूच वर चढते किंवा खाली उतरते. एका दमात लांब रेघ ओढू नका. पाटी उभी फिरवा, म्हणजे शिरोरेखा तुमच्या दिशेने येईल. मग बोटाच्या पेराएवढे छोटे, एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे आपल्याकडे ओढत काढा. आधी अक्षरांचे देह, शिरोरेखा सगळ्यात शेवटी. उलट केलं तर मधल्या जागा चुकतात.

दुसरी चूक अक्षर फार लहान घेण्याची. थ, ध, भ, ष यांच्या पोटातली पांढरी जागा धगीने भरून जाते. भ आणि म मधला फरक तर एका गाठीचा आहे. अक्षराची उंची दीड सेंटीमीटरच्या खाली आणू नका. कीचेनवर पूर्ण नाव बसत नसेल तर एकच आद्याक्षर मोठं काढा.

तिसरी चूक शुद्धलेखनाची. लग्नाच्या भेटीवर ‘चि. सौ. कां.’ मधले टिंब आणि अनुस्वार, नावातली ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, ‘कुलकर्णी’तला रफार हे सगळं घरच्यांकडून लिहून घ्या. फोनवर ऐकून लिहू नका. जाळलेली वेलांटी पुसता येत नाही.

छापा उतरवायला काळा कार्बन पेपर नको. त्याची शाई मेणकट असते, खोडली जात नाही आणि गरम टोकाखाली पसरते. छापील कागदाची मागची बाजू मऊ पेन्सिलने काळी करा, कागद टेपने बसवा आणि वरून गिरवा. उरलेल्या पेन्सिलच्या रेघा शेवटी रबराने निघतात.

देवाचं चित्र कुठेही काढणं

अंबाबाईचं किंवा जोतिबाचं चित्र असलेल्या वस्तूला इथे मागणी असणारच. पण कोस्टरवर देवाचं चित्र काढून देऊ नका, त्यावर चहाचा कप ठेवला जाणार आहे. घेणाऱ्याला घेताना ते सुचत नाही, घरी गेल्यावर सुचतं आणि मग ती भेट कपाटात जाते. देवासाठी भिंतीवरची फ्रेम. कोस्टरवर रंकाळ्याचा काठ, कोल्हापुरी साज, फेट्याचा तुरा असं काहीही चालतं.

शेवटचं पॉलिश

जाळण्याचं आणि रंगाचं सगळं काम संपल्याशिवाय पॉलिश लावायचं नाही. पळी, पोळपाट, चॉपिंग बोर्ड अशा वस्तूंवर नक्षी फक्त दांड्यावर किंवा कडेला काढा, अन्न लागतं तिथे नको. त्यांना मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन चोळा. खोबरेल हळूहळू खवट होतं.

जवसाचं तेल वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवाच. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून डब्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

आणि उन्हात लावायच्या पाट्या. जळका रंग उन्हाने फिका होतो, विशेषतः हलक्या छटा. दाराबाहेर लागणाऱ्या पाटीवर बारीक छटांचं चित्र घेऊ नका, ठसठशीत अक्षरं घ्या आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

भाजणं आणि आयर्न

घरातलं जुनं सोल्डरिंग आयर्न वापरणार असाल तर आधी टोक बदला. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं आणि ते टोकाला चिकटून राहतं. मला हे दोन महिन्यांनी कळलं. तीन पिनांचा प्लग, धातूचा स्टँड, ओढणी बांधलेली आणि केस वर. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नका.

नोकरी बाजूला पडणं

हे मी सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगते, कारण यात माझं नुकसान झालं आहे. संक्रांतीच्या वाणासाठी एका ओळखीच्या काकूंनी साठ कीचेन मागितल्या. मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात पुण्याहून मुलाखतीचा फोन आला. दोन रात्री मी कीचेन करत बसले, जीएसटीचे बदललेले नियम वाचायचे राहून गेले, आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं.

आता माझा नियम असा आहे. सकाळी अकरापर्यंत अर्ज, फोन, अभ्यास. त्याआधी आयर्नचा प्लग लागत नाही. कुठलीही ऑर्डर पंधरा दिवसांच्या मुदतीशिवाय घेत नाही आणि निम्मे पैसे आधी. संक्रांत, राखी, दिवाळी यांचं काम दीड महिना आधी सुरू करते किंवा घेतच नाही.

किंमत सांगताना नुसते लाकडाचे पैसे धरू नका. एक वही ठेवा. तीत लाकूड, पॉलिश पेपर, वीज, खराब झालेले तुकडे आणि लागलेले तास, सगळं लिहा. ‘तुला काय, घरीच असतेस’ असं कुणी म्हटलं की ती वही उघडून बघा, भाव आपोआप ठाम होतो. नातेवाइकांना भेट द्यायची असेल तर मनापासून पूर्ण भेट द्या. अर्ध्या किमतीची ऑर्डर घेतली की दोन्हीकडे मन खट्टू होतं.

मुलाखतीत मधल्या महिन्यांबद्दल विचारतातच. तेव्हा ‘टाइमपास म्हणून काहीतरी करते’ असं म्हणू नका. किती वस्तू केल्या, किती विकल्या, खर्च कसा धरला, मुदत कशी पाळली ते सांगा. गेल्या महिन्यात मी ती वहीच पुढे ठेवली. समोरच्या बाईंनी चार पानं उलटली आणि खराब मालाचा खर्च वेगळा का लिहिला आहे यावर आम्ही दहा मिनिटं बोललो. निकाल अजून कळायचा आहे.

त्या दिवशी एक काळजी मात्र घेतली होती. आदल्या दोन दिवसांत आयर्नला हात लावला नव्हता आणि इस्त्रीचा ड्रेस आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवला होता. धुराचा वास कपड्यांपेक्षा केसांत जास्त राहतो, आणि एका धुण्यात जात नाही.