चंद्रावर माणूस गेला की नाही? हा वाद घालताना या चुका टाळा

आकाशदर्शनाच्या रात्री चहाचे कप फिरायला लागले की तो प्रश्न येतोच. "सर, खरंच गेला होता का हो माणूस चंद्रावर?" प्रश्नाचा मला कंटाळा नाही. कंटाळा आहे उत्तर द्यायला धावणाऱ्यांचा. दोन व्हिडिओ बघून आलेला एखादा नवा स्वयंसेवक मध्येच तोंड घालतो आणि पाच मिनिटांत समोरचा गृहस्थ आधीपेक्षा जास्त संशय घेऊन घरी जातो.

अर्धवट कळलेला पुरावा हुकमाचा एक्का समजून टाकणं. ही चूक मी स्वतः केली आहे, तीही साठ-सत्तर लोकांसमोर. "अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक, म्हणजे उजेड परत फिरवणारे आरसे, ठेवलेत. पृथ्वीवरून लेसर सोडला की अडीच सेकंदांत उजेड परत येतो. झालं सिद्ध!" असं मी ठणकावलं. मागे सतरंजीवर बसलेला डिप्लोमाचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, रशियाच्या लुनोखोद गाड्यांवरही परावर्तक आहेत. तिथे कुठे माणूस गेला होता?"

त्याचं बरोबर होतं. 1970 आणि 1973 साली उतरलेल्या दोन्ही लुनोखोद गाड्यांवर ते बसवलेले होते. शिवाय 1962 मध्ये, चंद्रावर एकही परावर्तक नव्हता तेव्हाच, अमेरिकेत लेसरचा उजेड चंद्राच्या जमिनीवर आपटवून परत टिपलेला होता. मी "तो वेगळा विषय आहे" असं काहीतरी पुटपुटलो आणि तिथेच हरलो. मुद्दा बरोबर असूनही हरलो, याचं जास्त वाईट वाटलं.

आता मी आधीच सांगून टाकतो: अपोलो 11, 14 आणि 15 यांचे परावर्तक तिथे उपकरण पोहोचल्याचं दाखवतात, माणूस पोहोचल्याचं नाही. माणसासाठी दगडांकडे या. 1969 ते 1972 या काळात सहा मोहिमांनी मिळून 382 किलो दगडमाती आणली. सत्तरच्या दशकात रशियाच्या तीन यंत्रमोहिमांनी जे आणलं ते सगळं मिळून अर्धा किलोही भरत नाही. हा फरक कुठून आला, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं नवशिक्यांना जमत नाही.

सावल्यांचा प्रश्न फळ्यावर सोडवणं. "सूर्य एकच, मग फोटोत सावल्या वेगवेगळ्या दिशांना कशा?" यावर लोक फळ्यावर रेघा मारतात. कुणालाही पटत नाही. काठ्या रोवून दाखवा. पण तिथेही घाई नडते. एका शाळेच्या मैदानावर मी हा प्रयोग सकाळी अकरा वाजता करायला घेतला, कारण मला दुपारची एस्टी गाठायची होती. सावल्या वीतभर. फोटोत सगळ्या सरळ. मुलं म्हणाली, "सर, एकसारख्याच तर आहेत!" संशयाला मीच खतपाणी घातलं.

अपोलो 11 उतरलं तेव्हा तिथे सकाळ होती. सूर्य क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर होता. खाचखळगे ओळखता यावेत म्हणून लांब सावल्यांची वेळ मुद्दाम निवडली होती. आपल्याकडे तोच कोन सूर्योदयानंतर पाऊण तासाने मिळतो. तेव्हा चार-पाच काठ्या रोवा, एक लांब उडीच्या खड्ड्याच्या कडेला, आणि फोटो मुलांच्याच मोबाइलवर काढायला सांगा. सावल्या पंख्यासारख्या पसरतात, खड्ड्याकडची मोडते. माझा फोटो दाखवून उपयोग नाही, मीही "त्यांच्यातलाच" असतो ना. यासाठी साडेसहाला मैदानावर हजर राहावं लागतं. ते नको असेल तर सावल्यांवर बोलूच नका.

समोरच्याला अडाणी ठरवणं. ही शंका अमेरिकेतच वाढली. बिल केसिंग नावाच्या गृहस्थाने स्वखर्चाने त्यावर पुस्तक काढलं ते 1976 मध्ये. व्हिएतनाम आणि वॉटरगेट या दोन्ही प्रकरणांत सरकार धडधडीत खोटं बोललं होतं, हे लोकांनी नुकतंच अनुभवलं होतं. सरकार खोटं बोलतं हा माणसाचा अनुभव असतो, चंद्र नुसतं निमित्त. त्याला हसलात की तुम्हीही सरकारच्या बाजूचे.

म्हणून नासाची वकिली करू नका. अपोलो 11 च्या थेट चित्रणाच्या मूळ टेप नासाने पुढे पुसून पुन्हा वापरल्या, हे नासानेच 2009 मध्ये कबूल केलं. ही गोष्ट तुम्ही आधी सांगा. त्याने सांगितली की गौप्यस्फोट होतो, तुम्ही सांगितली की सरकारी खात्याचा गलथानपणा, आणि तो आपल्याला चांगला ओळखीचा आहे. प्रसारणाच्या प्रती शिल्लक आहेत, हेही लगेच जोडा.

गंमत म्हणजे "नासा खोटारडी" म्हणणाऱ्या काकांच्याच मोबाइलमध्ये नासाच्या नावाने फिरणारा दिवाळीच्या रात्रीचा रंगीबेरंगी भारत असतो. तो दिवाळीचा फोटो नाहीच. अनेक वर्षांतल्या दिव्यांची वाढ दाखवणारा तो नकाशा आहे. पण हे त्याच बैठकीत काढू नका, काका उठून जातात.

बाकीच्या चुका किरकोळ.

"इतकी माणसं गप्प कशी बसतील?" हा युक्तिवाद सोडा. त्यापेक्षा रशियाचं विचारा. त्यांचं लुना 15 हे माणसाविना यान त्याच दिवसांत चंद्राभोवती फिरत होतं आणि 21 जुलै 1969 ला आदळलं. अमेरिकेचं बिंग फोडायला त्यांच्याइतकं उत्सुक कोण होतं?

चंद्रावर हवा नसताना झेंडा "फडकतो" कारण त्याला वरून आडवी दांडी आहे. ती पूर्ण ताणली गेली नाही म्हणून चुण्या पडल्या.

चंद्रावरच्या फोटोंत तारे का नाहीत, हे समजावत बसू नका. पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो काढायला सांगा, चंद्रावरचे डाग नीट दिसतील असा. मग त्यात तारे शोधू दे.

फक्त नासाचेच फोटो दाखवू नका. चांद्रयान-2 च्या कॅमेऱ्यानेही अपोलो 11 ची जागा टिपली आहे.

आणि "मग दुर्बिणीतून झेंडा दाखवा" म्हटल्यावर "मोठी दुर्बीण असती तर दाखवला असता" असं चुकूनही म्हणू नका. माझ्या आठ इंची दुर्बिणीला चंद्रावरची साधारण किलोमीटरभराची गोष्ट कशीबशी वेगळी दिसते. तिथे राहिलेला यानाचा सांगाडा पाय धरून नऊ-दहा मीटरचा. हबल या अंतराळातल्या दुर्बिणीलाही तो दिसत नाही. मी हा हिशेब सांगतो, दुर्बीण चंद्रावरच्या "शांततेचा समुद्र" नावाच्या काळ्या डागाच्या नैऋत्य काठावर लावतो, "इथे उतरले होते" म्हणतो आणि बाजूला होतो. मागे रांग असते.