रेकॉर्डची सुई झिजली हे कसं ओळखावं

जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी एलपी वेचून आणायच्या, धुऊन लख्ख करायच्या आणि मग त्यांच्यावर वर्षानुवर्षं न बदललेली सुई टेकवायची, हा उलटा कारभार झाला. आधी सुई बघा.

हिऱ्याची सुई साधारण 500 ते 1000 तास चालते. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकली तर दोन वर्षांत 500 तास होतात. "आवाज फाटला की बदलू" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सुईचं टोक गोल असतं. चराच्या दोन्ही भिंतींना घासून त्यावर सपाट पैलू पडतात, पैलूंना कडा येतात आणि त्या कडा पटाशीसारखा प्लास्टिक तासतात. सगळ्यात आधी बारीक, उंच स्वर जातात आणि नवी सुई लावली तरी ते परत येत नाहीत.

तपासण्याआधी सुईवर साचलेली धूळ मऊ ब्रशने काढा, नाहीतर भिंगातून कचराच दिसेल. ब्रश मागून पुढेच फिरवा. आडवा फिरवलात तर सुईची दांडी वाकलीच समजा. मग 60 ते 100 पटींच्या भिंगातून, बाजूने दिवा धरून बघा. चांगल्या टोकावर एकच बारीक ठिणगी चमकते, झिजलेल्यावर दोन्ही बाजूंना चकचकीत सपाट चट्टे दिसतात. बोट लावून काही कळत नाही, लावूही नका.

फक्त शेवटच्या गाण्यात "स", "श" फुसफुसत असतील, तर कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ती डबी) तिरकं बसल्याचीही शक्यता असते. म्हणून निकाल भिंगाचाच.

सुई उडते म्हणून शेलवर (कार्ट्रिज बसवलेल्या दांड्याच्या टोकावर) नाणं ठेवणं हा शुद्ध अत्याचार. सुईचा रेकॉर्डवर पडणारा भार कमी ठेवणंही तितकंच वाईट, कारण हलकी सुई चरात आपटत जाते. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवा (बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजना दोन ग्रॅमच्या आसपास) आणि काट्यावर मोजा.

नवी सुई त्याच नंबरची घ्या. 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीची त्यांच्या चराच्या तळाशी जाऊन नुसती खरखरते.

एलपी धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. पावसाळ्यात बुरशी आलेल्या एलपीला चार भाग पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, 78च्या लाखेच्या तबकडीला मात्र थेंबभरही नको, लाख विरघळते.