बजेट पीसीसाठी पार्ट निवडताना या चुका टाळा

‘आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस.’ मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा पुण्यात तापकीर गल्लीत, कमी बजेट सांगितलं की हातात पडणारं कोटेशन साधारण असंच असतं. त्यातला प्रत्येक आकडा अर्धवट आहे. आय५ कितव्या पिढीचा? रॅमची स्टिक एक की दोन? एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, १२ व्होल्टवर किती अँपिअर देतो? भाव खाली आणलेला असतो तो बहुतेकदा या न विचारलेल्या प्रश्नांतूनच. खोक्यावरचा मोठा आकडा विकण्यासाठी असतो. मशीन चालणार की रडवणार, हे ठरवणारा आकडा शेजारी बारीक अक्षरात छापलेला असतो.

‘आय५ आहे ना!’

आय५-३४७० हाही आय५च. तो २०१२ सालचा, चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार थ्रेडचा (एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० मध्ये कोअर चारच, पण थ्रेड आठ, आणि एकेका कोअरचा वेग इतका वाढलेला की तुलना करण्यात अर्थ नाही. तरीही जुने आय५ नव्या कोऱ्या, कुठल्याशा अनोळखी ब्रँडच्या एच६१ मदरबोर्डवर (पुढे नुसतं ‘बोर्ड’) बसवून ‘नवीन असेंबल्ड पीसी’ म्हणून विकले जातात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. लिनक्स टाकणार असाल तर असं जुनं मशीन चालून जाईल, नाहीतर स्वस्तातही घेऊ नका.

पिढी कळली की नावाच्या शेवटचं अक्षर बघा. इंटेलच्या प्रोसेसरमागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. ‘आत्ता आय५-१२४००एफ घेतो, कार्ड दिवाळीला घेईन’ हा बेत इथेच फसतो. एएमडीचा हिशोब उलटा आहे. एएम४ या जुन्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) ग्राफिक्स हवं तर ‘जी’ लागतो. रायझन ५६००जी मध्ये ते आहे. ५५०० आणि ५६०० मध्ये नाही, आणि नावात तसा इशारा देणारं अक्षरही नाही. नव्या एएम५ सॉकेटच्या ७००० मालिकेत मात्र बहुतेक प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स असतंच, ७५००एफ सारखे ‘एफ’वाले सोडून. टॅली, ब्राउझर, ऑनलाइन क्लास एवढंच काम असेल तर साधा आय३-१२१०० किंवा ५६००जी घ्या आणि कार्डाचा विषय बंद करा. गेमिंगसाठी एफ घ्यायला हरकत नाही. फक्त पुढे कधी कार्ड बिघडलं, तर ते दुरुस्त होईपर्यंत पीसी बंद राहणार हे धरून चला.

बोर्ड आणि रॅमची सोयरीक

एएम४ बोर्डला डीडीआर४ रॅम लागते, एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी, दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. नावं जवळजवळ सारखी, फरक शेवटच्या ‘डी४’ सारख्या शेपटीत. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका, बोर्ड चुकलाय.

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जोरात वर गेले, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओंतली ‘इतक्या हजारांत पीसी’ची गणितं आता जुळत नाहीत. घरात जुन्या मशीनच्या चांगल्या डीडीआर४ स्टिक पडल्या असतील तर त्या हाताशी धरून बोर्ड आणि प्रोसेसर ठरवा. दोन वर्षांपूर्वी असा सल्ला कोणी दिला नसता.

शक्य असेल तर १६ जीबीची एक स्टिक न घेता ८ जीबीच्या दोन घ्या. ५६००जी सारखा प्रोसेसर ग्राफिक्सची मेमरीही रॅममधूनच घेतो, त्यामुळे तिथे एका स्टिकवर गेम अक्षरशः रखडतात. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. दोन्ही शेजारीशेजारी लावल्या तर पीसी चालू होतो, कुठली तक्रार करत नाही, आणि सिंगल चॅनलवर, म्हणजे रॅमच्या एकाच वाटेने, चालत राहतो. दुसरी गंमत वेगाची. ३२०० ची रॅम बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी हा रॅमला पूर्ण वेग देणारा पर्याय चालू केल्याशिवाय बहुतेकदा २४०० किंवा २६६६ वरच धावते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा; वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे लगेच दिसतं. आणि एच६१० बोर्डसाठी ३६०० ची डीडीआर४ घेऊन जादा पैसे घालवू नका, तो चिपसेट (बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) ती ३२०० च्या वर नेत नाही.

एच६१० आय३ आणि १२४०० साठी पुरेसा आहे. त्याच्या स्वस्त मॉडेलवर आय७ बसवला की बोर्डचा वीज पुरवणारा भाग तापतो आणि प्रोसेसर वेग कमी करून जीव वाचवतो. म्हणजे पैसे आय७ चे आणि काम आय५ चं.

आता बायोस. दुकानात बरेच दिवस पडून असलेला बी४५० बोर्ड रायझन ५००० मालिका ओळखेलच असं नाही. एच६१० आणि बी६६० च्या जुन्या स्टॉकचं तेराव्या-चौदाव्या पिढीशी असंच होतं. पंखा फिरतो, लाइट लागतात, स्क्रीन काळीच. बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसरच्या यादीत ‘कुठल्या बायोस आवृत्तीपासून चालतो’ ते लिहिलेलं असतं. ते बघून जा आणि दुकानातच बायोस अपडेट करून मागा. काही बोर्डवर मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्यात प्रोसेसर न लावताही एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवरून अपडेट होतं.

एसएमपीएस: वॅट सोडा, अँपिअर बघा

बजेट कमी पडलं की पहिली कात्री इथे लागते आणि सगळ्यात महागही तीच पडते. एसएमपीएस हातात घ्या आणि बाजूला चिकटवलेलं कोष्टक वाचा. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने असतात. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मुख्य खाणारे दोघेही, १२ व्होल्टवर चालतात. म्हणून त्या रकान्यातल्या अँपिअरला १२ ने गुणा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ३६ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४३२ वॅट. ‘४५० वॅट’ छापलेल्या लोकल एसएमपीएसवर तोच आकडा १४ दिसला, तर मिळाले १६८ वॅट. उरलेले वॅट कागदावर. काही लेबलवर तर हे कोष्टकच नसतं. तो एसएमपीएस शांतपणे काउंटरवर परत ठेवा.

गरज किती, हेही मोजता येतं. आर एक्स ६६०० कार्डाचा अधिकृत आकडा १३२ वॅट. आय५-१२४०० पूर्ण ताणात ११७ वॅटपर्यंत जातो. बोर्ड, पंखे, ड्राइव्ह मिळून आणखी ५० धरा. झाले ३०० च्या आत. खरा ४५० वॅट पुरतो, पुढे मोठं कार्ड लावायचं असेल तर ५५० घ्या. ७५० चा लोकल घेणं म्हणजे मोठं खोटं विकत घेणं.

कमजोर एसएमपीएसची लक्षणं दुसऱ्याच कुणावर आळ घालतात. डेस्कटॉपवर सगळं ठीक, गेम चालू झाला की पाच-दहा मिनिटांत मशीन रीस्टार्ट. मग लोक ड्रायव्हर बदलतात, विंडोज पुन्हा टाकतात, कार्ड परत करायला जातात. ताण वाढतानाच मशीन मरत असेल तर आधी दुसरा खात्रीचा एसएमपीएस लावून बघा. स्वस्त मालात ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटपासूनचं संरक्षण नावापुरतं असतं, त्यामुळे जाताना तो बोर्डही घेऊन जातो.

‘८० प्लस’चा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, आयुष्याचा नव्हे, पण निदान त्या मॉडेलची कुणीतरी चाचणी घेतलेली असते आणि प्रमाणित मॉडेलची यादी ८० प्लसच्या साइटवर शोधता येते. ‘८५ प्लस’सारखे घरगुती शिक्के मोजू नका.

केबलच्या दोन चुका थेट धूर काढतात. प्रोसेसरची ८ पिनची केबल चार-चारमध्ये सुटते, ग्राफिक्स कार्डची सहा-दोनमध्ये. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकीत जिथे १२ व्होल्ट तिथे दुसरीत ग्राउंड. पिनांचे आकार वेगळे असल्याने सहज जात नाहीत, दाबून घुसवल्या तर जातात. दुसरी चूक मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुटी होणाऱ्या, केबलची: एका कंपनीच्या एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावणे. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र प्रत्येकाची पिनरचना वेगळी. जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनच्या केबलवरून ८ पिन बनवणारा अडॅप्टर तर खोक्यातून काढूच नका.

यूपीएसचाही हाच खेळ. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नाही. नेहमीचा ६०० व्हीए यूपीएस ३६० वॅटचा असतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस बदलण्याआधी घराचं अर्थिंग तपासा. एसएमपीएसमधल्या फिल्टरची किंचित गळती अर्थच्या वायरीतून जायची असते. अर्थिंगच नसेल तर ती तुमच्यातून जाते.

ग्राफिक्स कार्डाचे जीबी

जीटी १०३० दोन प्रकारात आलं. दोन्ही २ जीबी. जीडीडीआर५ वाल्याची बँडविड्थ (मेमरीतून डेटा जाण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याची १६.८. खोकं जवळपास तेच, गेममधला फरक प्रचंड.

आर एक्स ६५०० एक्सटीचा सापळा आणखी बारीक आहे. ते पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बसतं त्या स्लॉटच्या, फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. ४.० पिढीच्या स्लॉटवर निभावतं. बी४५० किंवा ए५२० बोर्डवर, किंवा बी५५० वर ५६००जी असला तरी, स्लॉट ३.० वर चालतो आणि चार जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (स्क्रीनवरचं चित्र व्हिडिओत बदलणारा भाग) नाही. स्ट्रीमिंग करणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. इंटेलची आर्क कार्डं पैशाच्या मानाने चांगली आहेत, पण त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डची सोय) लागतो. जुन्या बोर्डवर तो नसेल तर ती घेण्यात अर्थ नाही.

जुन्या बाजारातल्या ‘आरएक्स ५८० ८ जीबी’मध्ये २०४८एसपी नावाचा प्रकार बराच फिरतो. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर (कार्डातले चित्र रेखाटणारे छोटे कोअर) असतात. हा प्रत्यक्षात ५७० च्या दर्जाचा. पैसे देण्याआधी समोर जीपीयू-झेड चालवून शेडरचा आकडा वाचा. तोच प्रोग्रॅम बनावट कार्डंही पकडतो.

एसएसडीचं थोडक्यात: एम.२ हा आकार आहे, वेग नव्हे. एम.२ मध्ये साटा या जुन्या जोडणीचीही एसएसडी मिळते, तिचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो; एनव्हीएमई या वेगवान जोडणीची जुनी तिसरी पिढीही ३,५०० पर्यंत जाते. भावात फारसा फरक नसतो. नवी एसएसडी लावल्यावर हार्ड डिस्क गायब झाली तर घाबरू नका. काही बोर्डवर एम.२ स्लॉट वापरला की ठरावीक साटा पोर्ट बंद होतो. मॅन्युअलमध्ये बघून केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

कॅबिनेटमध्ये काचेपेक्षा पुढची जाळी महत्त्वाची. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये जुळवून घ्या, बस.

जोडलं, पण डिस्प्ले नाही

मॉनिटरची केबल बोर्डला लावलीय की कार्डला, ते आधी बघा. कार्ड असेल तर कार्डलाच. मग प्रोसेसरची वरच्या कोपऱ्यातली पॉवर केबल, ही सगळ्यात जास्त विसरली जाते. २४ पिनचा कनेक्टर खटका लागेपर्यंत दाबा. नंतर एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून चालू करा. बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर जो लागून राहिला त्या पार्टपासून सुरुवात करा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. अशा वेळी मेन स्विच बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची घाई नडते.

तरीही नाही, तर प्लग काढून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवा. त्यानंतर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर चालवून बघा, पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडून. बाहेर चालला आणि आत नाही, तर बोर्डखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायची खुंटी) भलत्या भोकात राहिलाय.

खरेदी करताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. खोक्याशिवाय मिळणाऱ्या ट्रे प्रोसेसरला सहसा कंपनीची वॉरंटी नसते, फक्त दुकानदाराचा शब्द. इंटेल किंवा एएम५ चा बोर्ड घेताना दुकानातच सॉकेट उघडून मोबाइलच्या टॉर्चने पिना तिरक्या उजेडात बघा. एखादी वाकलेली असेल तर रांगेतली चमक तिथेच तुटते. घरी नेल्यावर सापडली तर वॉरंटी गेली. आणि प्रोसेसर बसवताना निघालेली सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी बोर्डच्या खोक्यात जपून ठेवा, कारण बरीच सर्व्हिस सेंटर तिच्याशिवाय बोर्ड वॉरंटीत घेत नाहीत.